केशवराव भोळे : रचना, दिग्दर्शन आणि अनामिकता

चिखलदऱ्यास पंचबोल नावाचे एक स्थळ आहे. दरीच्या तोंडाशी उभे राहून एक हाक मारावी आणि समोरच्या कड्यांनी ती पुनःपुन्हा परत करावी, अशी त्या जागेची ख्याती. यंदा आषाढात सहकुटुंब येथे येऊन राहिलो असता आम्ही तेथे गेलो, तेव्हा धुके इतके दाट होते की दरी दिसतच नव्हती. हाक मात्र इमानाने परत येत होती. मुलांनी कोणाची हाक किती वेळा परत आली याचा हिशेब मांडला. त्या हाकेस आकार देणाऱ्या कड्याचे नाव विचारावे, असे कोणासही सुचले नाही. आणि सुचण्याचे कारणही नव्हते.

आपल्याकडे गीतास चाल देणाऱ्या मनुष्याची अवस्था काहीशी या कड्यासारखी झालेली आहे. एखादे पद कानावर पडले की आपण प्रथम विचारतो, कोणी गायिले? नंतर विचारतो, कोणी लिहिले? चाल कोणाची, हा प्रश्न क्वचितच निघतो, आणि निघाला तरी त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची चिकाटी आपल्या ठायी नसते. उपमा मात्र येथेच सोडून दिली पाहिजे. कडा जड आहे, जे मिळेल ते परत करण्यापलीकडे त्यास काही करता येत नाही. रचनाकार हा विचार करणारा, निवड करणारा, कित्येकदा नको ते टाकून देणारा मनुष्य असतो; आणि या टाकून देण्यातच त्याची खरी प्रतिभा दिसते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हे ज्यांच्या उदाहरणावरून वाटू लागले ते केशवराव भोळे याच जिल्ह्याचे. १८९६ साली त्यांचा जन्म अमरावतीस झाला. अमरावतीहून परतवाड्यावरून घाट चढून या गावी येणाऱ्या सहस्रावधी सुशिक्षित प्रवाशांपैकी कितींस ही गोष्ट ठाऊक असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

युरोपात परिस्थिती याच्या उलट आहे. तेथे सिंफनी बेटोव्हेनची असते. ती वाजविणारे शंभर लोक बहुधा अनामच राहतात. याचे कारण त्या लोकांची कृतज्ञता आपल्याहून मोठी आहे असे नव्हे. त्यांचे संगीत कागदावर उतरते. प्रत्येक वाद्याने कोणता स्वर किती काळ धरावयाचा हे रचनाकार आधीच लिहून ठेवतो, आणि हाती छडी घेतलेला संचालक ती लिखित आज्ञा सर्वांकडून पाळून घेतो. आपल्या रागसंगीतात गवई हाच त्या त्या क्षणी रचनाकार असतो. बंदिश कोणाचीही असो, मैफल गाणाऱ्याची. या दोन पद्धतींच्या मधोमध तिसऱ्या जातीचा एक मनुष्य आपल्याकडे रंगभूमीने आणि पुढे बोलपटाने निर्माण केला. चाल तो बांधतो, वाद्ये तो ठरवितो, गाणाऱ्यास तो शिकवितो, आणि प्रत्यक्ष वेळी सर्वांस तोच सांभाळतो. केशवरावांनी आपल्या या उद्योगावर जे पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ असे आहे. इतक्या जाणीवपूर्वक ही दोन कर्मे एकत्र उच्चारणारा मराठी संगीतकार त्यांच्यापूर्वी मला तरी आढळत नाही.

त्यांच्या आयुष्याची रूपरेषा पाहताना इंग्रजीच्या द्वारे पाश्चात्य वाङ्मयाशी परिचय झालेल्या कोणासही फ्रान्सच्या हेक्टर बर्लिओझची आठवण व्हावी. ११ डिसेंबर १८०३ रोजी बर्लिओझ जन्मला; त्यानंतर चारच दिवसांनी येथून हाकेच्या अंतरावर असलेला गाविलगड आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. हा योगायोग निरर्थक आहे, हे मी जाणतो. पण गडाच्या पडक्या तटाकडे पाहताना तो मनात आल्यावाचून राहिला नाही. बर्लिओझ वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला आणि ते सोडून संगीताच्या मागे लागला. केशवरावही वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईस गेले आणि ते पुरे न करता संगीताकडे वळले. बर्लिओझ रचनाकार होता, संचालक होता, आणि पुष्कळ वर्षे वृत्तपत्रांतून संगीतसमीक्षा लिहून त्याने पोट भरले. केशवरावांनीही ‘एकलव्य’ या टोपणनावाने समीक्षा लिहिली, आणि ‘आजचे प्रसिद्ध गायक’, ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ अशा पुस्तकांनी मराठीतील संगीतविषयक लेखनाला स्वतःचे एक घर मिळवून दिले. ‘एकलव्य’ हे नावही सहज घेतलेले दिसत नाही. समोर बसून शिकविणारा गुरू नसताना दुरून पाहून, ऐकून विद्या मिळविणाऱ्याचे ते नाव आहे. जो ऐकून शिकतो त्यास प्रत्येक गोष्टीचे कारण स्वतः शोधावे लागते. आणि कारणे शोधण्याची सवय हीच समीक्षेची जननी होय.

साम्य येथे संपते आणि खरा भेद सुरू होतो. बर्लिओझला अफाट वाद्यवृंदाचे वेड होते. १८३७ च्या आपल्या शांतिपाठात त्याने मुख्य वृंदाखेरीज पितळी वाद्यांचे चार ताफे चार दिशांना बसविले. केशवरावांची प्रवृत्ती याच्या अगदी विरुद्ध. काय घालावे यापेक्षा काय गाळावे, या प्रश्नाने त्यांचे संगीत घडले. ते कसे, हे पाहण्यासाठी त्यांच्या हाती संगीत कोणत्या अवस्थेत आले ते ध्यानात घेतले पाहिजे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून मराठी नाटकात पदांचे राज्य सुरू झाले. गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘मानापमाना’स आणि भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवरा’स ज्या चाली दिल्या, त्यांनी रागदारीचे वैभव सामान्य प्रेक्षकाच्या दारी आणून सोडले. हे उपकार लहान नव्हेत. परंतु कालांतराने पद हे नाटकातील प्रसंगाचे अंग न राहता प्रसंगच पदाची सबब होऊन बसला. नायिका शोकाने विव्हळ व्हावी आणि त्याच शोकात तिने चार वेळा ‘वन्स मोअर’ घ्यावा, ही विसंगती कोणास खटकेनाशी झाली. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच केली. पदे थोडी, आटोपशीर आणि प्रसंगातून उगवणारी होती. संगीत केशवरावांचे, आणि गाणाऱ्या त्यांच्या पत्नी, गोव्याहून आलेल्या ज्योत्स्नाबाई. तेथे गाणे पात्राचे झाले. ते कलावतीचे कौशल्य दाखविण्यासाठी थांबून राहिले नाही. आज हे सहज वाटते. ज्या काळी पदांच्या संख्येवरून तिकिटे खपत, त्या काळी हे धाडस होते.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ‘अमृतमंथना’च्या निमित्ताने केशवराव पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या संगीताकडे आले. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार यांसारखी वाद्ये प्रभातच्या संगीतात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. हे ऐकून कोणी त्यांस पाश्चात्यांचा अनुकरणकर्ता ठरवील तर ती चूक होईल. परकीय वाद्य घेणे सोपे असते, त्याचा ताठा उतरविणे कठीण. त्यांच्या चांगल्या रचनांत पियानो गाण्याच्या मागे उभा राहतो, पुढे येऊन बोलत नाही.

त्यांच्या कर्तृत्वाची कसोटी म्हणून मी ‘संत तुकाराम’ घेतो. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा बोलपट मुंबईत एका वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच्या अभिनयाविषयी, विशेषतः जिजाईच्या भूमिकेतील गौरीविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या संगीतातील विचाराविषयी मात्र तितके लिहिलेले मला आढळले नाही. तो विचार मला एका घरगुती प्रसंगाने उमगला, तो सांगतो.

येथे मुक्कामी असताना एका संध्याकाळी पावसामुळे बाहेर पडता येईना, तेव्हा आम्ही हा बोलपट भिंतीवर लावून सगळे मिळून पाहिला. माझी आई पंचाऐंशीच्या घरात आहे. खेड्यातील विठ्ठलमंदिराच्या भजनात तिचे बालपण गेले. संगीताचे शास्त्र तिला अक्षरानेही ठाऊक नाही, आणि दृष्टी मंदावल्यामुळे भिंतीवरचे चित्र तिला नीट दिसतही नव्हते. आरंभी विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम गाऊ लागला, तशी ती हळूहळू त्यांच्यामागून म्हणू लागली. थोड्याच वेळात सालोमालो तेच शब्द आपलेच म्हणून देवळात गाऊ लागतो. तेथे आई एकदम थांबली. मी विचारले, काय झाले? ती म्हणाली, “हा म्हणून नाई राहिला बाप्पा, हा दाखवून राहिला.”

तीस वर्षे साहित्याचे अध्यापन करून जे वाक्य मला सुचले नसते ते तिने पानाला चुना लावता लावता सांगितले. शब्द तेच, देव तोच. फरक केवळ स्वरांच्या वागणुकीत आहे. तुकारामाचे गाणे सरळ, भजनाच्या वळणाचे, प्रत्येक ओळ पुढच्या ओळीकडे नेणारे. सालोमालोचे गाणे नाटकी गायकीच्या थाटाचे, स्वतःकडे लक्ष वेधणारे. पटकथेने त्यास ढोंगी म्हणण्यापूर्वीच रचनाकाराने त्याचे ढोंग उघडे केले आहे. आणि ज्या शैलीने ते उघडे केले ती रंगभूमीवरच्या फाजील तानबाजीची शैली आहे, हे विसरता कामा नये. ‘एकलव्या’ने समीक्षेत जे लिहिले असते ते येथे दिग्दर्शकाने स्वरांत लिहिले. आपल्या कलेच्या साधनांनीच त्या कलेची समीक्षा करणे, ही गोष्ट कोणत्याही देशात विरळा समजली जाईल.

दुसरे असे की या बोलपटात एक पद शांताराम आठवल्यांनी तुकारामाच्या वळणावर नवे रचले, आणि ते पुढे इतके लोकप्रिय झाले की पुष्कळांनी त्यास खराच तुकारामाचा अभंग मानले. या किश्श्याचे श्रेय सर्वजण कवीला देतात. परंतु चाल जर जराही नवी, जराही सजविलेली वाटती, तर शब्दांची ही बतावणी टिकली असती काय? रचनाकाराने आपली मुद्रा पुसून टाकली म्हणूनच ते पद परंपरेत मिसळले. आमच्या आईला विचारले तर ती चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, असेच ती सांगेल. अनामिक होणे हा येथे रचनाकाराचा पराभव नाही, त्याचा विजय आहे. आणि त्याच विजयामुळे तो विस्मृतीत जातो, हा या विषयातील खरा पेच होय.

संयमाची परिसीमा १९३७ च्या ‘कुंकू’त दिसते. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा आपणास ऐकू येतात ते घरातलेच आवाज. भिंतीवरचे घड्याळही तेथे एखाद्या पात्रासारखे वावरते. हा निर्णय दिग्दर्शकाचा असणार, संगीतकाराचा एकट्याचा नव्हे. तथापि ज्याच्या नावापुढे ‘संगीत’ असा उल्लेख येणार त्याने आपले संगीत मागे घेण्यास संमती द्यावी, यात त्याच्या विवेकाचा पुरावा आहे. त्यामुळे शांता आपटे जेव्हा गातात तेव्हा ते गाणे त्या घरातील एक घटना होते. कोंदलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसे ते ऐकू येते.

याच बोलपटात त्यांनी लाँगफेलोचे ‘अ साम ऑफ लाइफ’ हे १८३८ चे इंग्रजी काव्य गायिले आहे. वर्गात हे काव्य शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास त्याचे कुतूहल अधिक. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर हा प्रयोग मला पूर्ण साधलेला वाटत नाही. इंग्रजी छंद आघातावर चालतो, आपला कान लघुगुरूवर आणि मात्रेवर पोसलेला. दोहोंची सांगड घालताना इंग्रजी शब्दांचे आघात जागचे हलल्यासारखे वाटतात. नीरेच्या शिक्षणाची आणि बंडखोरीची खूण म्हणून ते गीत शोभते. स्वतंत्र रचना म्हणून ते अभंगांच्या पंक्तीस बसणार नाही.

दोषांचा विषय निघालाच आहे, तर मुख्य आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. रागसंगीताचे अभिमानी म्हणतील की प्रसंगाच्या आणि शब्दाच्या सेवेस लावलेले हे संगीत अखेर परतंत्र आहे. ज्या स्वरास स्वतःच्या विस्ताराची मुभा नाही तो स्वर कितीही नेमका असला तरी दासच. या आक्षेपात तथ्य आहे. तारुण्यात मीही हेच म्हणत असे, आणि बोलपटाच्या गाण्यांची चिकित्सा करणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानीत असे. केशवरावांच्या पदांत विस्ताराचा आनंद शोधणाऱ्यास तो मिळणार नाही. ज्योत्स्नाबाईंनीच पुढे १९४२ साली ‘कुलवधू’त मास्टर कृष्णरावांच्या चालींवर जे गायिले, त्यात ऐसपैस रागवैभव आणि नाट्यप्रसंग यांचा मेळ अधिक मोकळेपणाने बसलेला आहे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मोकळेपणा हा एक गुण आहे, एकमेव गुण नव्हे. शब्दाच्या सेवेत राहणे म्हणजे दास्य असेल, तर भजनही दास्य ठरेल. आणि तुकाराम ते आनंदाने पत्करील. कोणत्या जागी स्वराने किती बोलावे हे जाणणे, आणि तेवढेच बोलून थांबणे, यास स्वातंत्र्याहून कमी सामर्थ्य लागत नाही.

आता शेवटचा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. बर्लिओझने लिहून ठेवलेली पाने आजही कोणताही वाद्यवृंद पुढे मांडून वाजवू शकतो. वाद्ययोजनेवर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासिला जातो. केशवरावांच्या संगीताची अशी पाने आपणापाशी कोठे आहेत? रंगभूमीवरचे संगीत त्या रात्रीच्या पडद्याबरोबर संपते. बोलपटांतील संगीत चित्रफितीच्या आयुष्याइतकेच जगते, आणि जुन्या चित्रफिती किती नाशिवंत असतात हे सर्वश्रुत आहे. प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्या आवारात पुढे चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली. उरते ते केशवरावांनी स्वतः लिहिलेले पुस्तक. ही चाल अशी का बांधली, हे वाद्य येथे का घेतले, याची कारणे रचनाकाराच्याच शब्दांत मिळावीत, हा लाभ आपल्या संगीताच्या इतिहासात दुर्मीळ आहे. स्वरलिपीची उणीव त्या पुस्तकाने भरून निघत नाही. पण स्वरलिपीत जे कधीच मावत नाही, ते रचनाकाराचे मन, तेथे सापडते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. अमरावती, अकोला येथील महाविद्यालयांत संगीताचे आणि मराठीचे वर्ग आहेत. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माझा मुलगा’, ‘संत ज्ञानेश्वर’ हे बोलपट विद्यार्थ्यांकडून डोळे मिटून ऐकवून घ्यावेत. त्यांतील चाली स्वरलिपीत उतरवून घ्याव्यात. आणि शेजारी केशवरावांचे पुस्तक उघडून ठेवावे. यास अनुदान लागत नाही, समितीही लागत नाही. जयंतीस हार घालण्यापेक्षा हे अधिक कष्टाचे आहे खरे, पण एका ऐकणाऱ्याचे स्मरण ऐकूनच केले पाहिजे.

येथून निघण्याच्या दिवशी सकाळी आई ओसरीवर बसून तोच अभंग पागनिसांच्याच चालीवर गुणगुणत होती. मी तिला म्हटले, “आई, ही चाल तू म्हणतेस तशी देवळातली नव्हे. भोळे नावाच्या गृहस्थांनी ती बांधली. आपल्या अमरावतीचेच होते ते.” ती म्हणावयाची थांबली. क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाली, “अमरावतीचे? मंग मले इतके दिस काऊन नाई सांगतलं?”

तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या जागी लिहिला आहे.